अर्धी खाट

२ डिसेंबर
नोकरी लागली! बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायचं काम, रात्रपाळी. राहायला खाटही मिळाली, म्हणजे अर्धी. एका खोलीत चार खाटा आणि आठ जणी. दिवसपाळीवाल्या रात्री झोपतात, आम्ही दिवसा. खोलीवाल्या मावशी म्हणाल्या, इथलं अंथरूण कधी गार पडत नाही बघ! खरंच की. सकाळी थंडीत कुडकुडत आले तर रजई अजून उबदार होती. डोळा कधी लागला कळलंच नाही.

७ डिसेंबर
माझ्या खाटेवर रात्री झोपणारी ती माझी जोडीण. आमची गाठ फक्त कारखान्याच्या फाटकात पडते. ती आत जाते, मी बाहेर येते. आज तिने उशीखाली माझ्यासाठी फुटक्या बिस्किटांची पुडी ठेवली होती. मायाळू आहे. खोलीतली खिडकी थंडीमुळे कागद कोंबून बंद केलीय, त्यामुळे फार कोंदट होतं. मावशी म्हणतात, वारा हवा असेल तर बंगला बांधा.

१५ डिसेंबर
उशी घामाने ओलीचिंब. एवढ्या थंडीत? फाटकात जोडिणीला विचारलं. तिने आधी मागे वळून पाहिलं, मग पुटपुटली, "बोलू नकोस गं कुणाला. खोकला ऐकला की मुकादम घरी बसवतो." दवाखान्यात औषध फुकट मिळतं, पण तो उघडतो तिच्या पाळीच्या वेळेत. खाडा झाला की बाहेर दुसरी उभीच असते.
मी उशी पालथी करून झोपले. जाणार कुठे?

२४ डिसेंबर
जोडीण फाटकात ओढणी तोंडात कोंबून उभी होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. मुकादम पुढे गेल्यावर तिने ओढणी काढली. लाल होती.

५ जानेवारी
जोडीण गेली. काल, कामावरच.
मावशींनी रजई दुपारभर उन्हात टाकली आणि परत आणली. म्हणाल्या, अर्धी खाट रिकामी ठेवता येणार नाही, कुणालातरी आण, नाहीतर तूही जागा बघ. घरी वडिलांचं काम सुटलंय. धाकट्या बहिणीला निरोप धाडला. ती आनंदाने तयार झाली.

१० जानेवारी
रात्री इथे आता कुणी झोपत नाही. तरी पडल्या पडल्या अंथरूण तापतं. मावशींना सांगितलं. त्यांनी रजईत हात घालून पाहिला, गार आहे म्हणाल्या. मग माझ्या कपाळाला हात लावला —
आणि झटकन मागे घेतला.

१४ जानेवारी
परवा झोप मोडून दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, वेगळ्या खोलीत झोपा, खिडकी उघडी ठेवा, दूध-अंडी खा. मला हसू आलं. हसता हसता खोकला.
गोळ्या महिनोन् महिने घ्यायच्या. पण त्यांनी ओकारी येते, पाळीवर उभं राहवत नाही. मुकादम बघत होता —
बंद केल्या.
धाकटीला फोन केला, येऊ नकोस. ती निघालीसुद्धा.

१७ जानेवारी
आली. सगळं सांगितलं, परत जा म्हटलं. म्हणाली, "तिकडे तरी काय खाऊ?"
दिवसपाळीत लागली. मावशींना साधा ताप सांगितलाय. खरं कळलं तर दोघी रस्त्यावर.

२१ जानेवारी
कारखान्याला सुट्टी. आठही जणी खोलीत. जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. धाकटी माझ्याच खाटेवर, मला बिलगून — लहानपणी झोपायची तशी.
मी भिंतीकडे तोंड करून. खिडकीचा कागद काढला तर बाकीच्या ओरडल्या —
लिहितेय, म्हणजे जागी राहीन. झोपले की खोकला आवरणार नाही —
घसा — नको, आत्ता नको —
ती कूस बदलतेय, माझ्या अंगावरून पुढे सरकतेय. तिचं तोंड माझ्या तोंडाशी — मी श्वास रोखून — किती वेळ —