पाचव्या मजल्यावरची खुर्ची

कोलंबस, १४ ऑक्टोबर

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुम्ही भरून दिलेल्या घेवड्याच्या चार बरण्या अजून उरल्यात. तुमचे गुडघे कसे आहेत?

नव्या नर्सना वर्षभर हाताला धरून शिकवतात, अशा बारा हॉस्पिटलांत मी अर्ज केले होते. अकरांनी नाही म्हटलं. बाराव्यातून काल फोन आला. मंगळवारी मुलाखत आहे. ही संधी गेली तर पुढची भरती उन्हाळ्यात. तोवर मला नर्सिंग पास होऊन वर्ष उलटेल, मग नवी म्हणून घेणार नाहीत. आणि अनुभव नाही म्हणून दुसरीकडेही घेणार नाहीत.

वॉर्ड पाचव्या मजल्यावर आहे, आई. तुमचा ऑर्वल जिथे आपल्याला सोडून गेला, तोच.

फोनवर तिथल्या मुख्य नर्सबाईंनी विचारलं, "आमचा वॉर्ड कधी पाहिलाय?"

"पाहिलाय. एकवीस दिवस, नवऱ्याच्या उशाशी बसून."

त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या चुका तुम्हाला पाठ असतील. त्याच सांगा मंगळवारी."

मी येते म्हटलं. नाही म्हणून जाणार कुठे?

कालपासून त्या चुका आठवतेय. ऑर्वलच्या औषधपाण्यात त्यांनी काही कमी केलं नाही. पण खोलीत खुर्ची एकच होती. "तू बस, तुझं जागरण झालंय," म्हणत तुम्ही दिवसदिवस उभ्या राहायचात, आणि मी बसायचे. दुसरी खुर्ची कुणी आणली नाही. मीही मागितली नाही.

मंगळवारी तेवढंच सांगेन.

गुडघे शेकत जा.

तुमची,
नडीन