कॅप्टनच्या टेबलावरचं चांदीचं झाड

२ मार्च १९०३, प्लिमथ

मिळाली मोलकरणीची नोकरी! माहेरचं आडनाव सांगितलं. सायलसची बायको म्हणून कोण उभं करणार मला या दारात?

कॅप्टन कार्लायनचं घर हे. सहा वर्षांपूर्वी जहाजाला भोक पडलं, तर यानं बॉयलरच्या खोलीचं लोखंडी दार बाहेरून लावायला सांगितलं. जहाज वाचलं. आतले पाच जण बुडाले. त्यांतला एक माझा सायलस.

४ मार्च

चांदी घासायचं काम माझ्याकडे. आज ते पाहिलं! जेवणाच्या टेबलाच्या मधोमध मांडायचं झाड, शंभर वर्षं जुनं, फांद्यांना फळांच्या वाट्या. बुंध्यावर मागाहून कोरलंय — 'जहाज वाचवणाऱ्या कॅप्टनसाहेबांना, सर्व अधिकाऱ्यांकडून.' माझ्या नवऱ्याला बुडवल्याचं बक्षीस! लाज नाही वाटली मेल्यांना? थुंकले त्यावर. मग घासलं. छान चकाकलं.

स्वयंपाकीण डॉर्कस म्हणते, "साहेब कधी बघत पण नाहीत गं त्याच्याकडे. बाईसाहेबच मिरवतात."

बघत नाही काय? बघायला लावते!

११ मार्च

रविवारी दुपारी अ‍ॅडमिरल जेवायला येणार. ठरलं.

१४ मार्च

कोरली! खिळ्यानं, पाचही नावं, अ‍ॅडमिरल बसतील त्याच बाजूला. सायलसचं सगळ्यांत खोल. बोटं सोलवटली, सोलवटू देत. उद्या चारचौघांत याच्या तोंडाला काळं फासते!

१५ मार्च

अ‍ॅडमिरल चष्मा लावून नावं मोठ्यानं वाचायला लागले. बाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक. "कुणी केलं हे?" माझ्या हातात मटणाचं ताट. छाती पुढे काढून बोलणारच होते — तेवढ्यात कॅप्टन म्हणाला, "मी."

एवढंच. आणि पुदिन्याचा सॉस मागितला! माझा सूडसुद्धा या मेल्यानं हिसकावून घेतला. रडले मी, मोरीत जाऊन.

१६ मार्च

सकाळी सरळ त्याच्या खोलीत गेले. "मी कोरली ती नावं. सायलस हॉकिनची बायको मी. पांघरूण कशाला घातलंत माझ्यावर?"

त्यानं हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाला, "चार नावं बरोबर आहेत, टॅमझिन. सायलस आत नव्हता. हुकूम माझा, पण दार लावलं त्यानं. आतले ठोकत होते, तो ऐकत उभा होता. तिसऱ्या दिवशी त्यानं समुद्रात उडी टाकली. आत बुडाला असं मी अहवालात लिहिलं. जीव दिला म्हटलं असतं तर तुला पेन्शन मिळाली नसती."

सहा वर्षं या माणसाला शिव्या घातल्या. आता कुणाला घालू, सायलस?