तुझी लेन्स अजून ठरली नाही

प्रिय मंदा,

आत्ताच तुझ्या माहेराहून राहुरीला परत आलो आणि तसाच टेबलाशी बसलोय. चपलासुद्धा काढल्या नाहीत. तू असतीस तर दारातच अडवलं असतंस. पत्र लिहायची मला सवय नाही. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, तिथं लिहिली ती फक्त जॉबकार्डं. पण मला काही विचारायचंय, आणि ज्याला त्याला विचारून झालंय. उत्तर तुझ्याकडंच आहे.

प्रश्न जुनाच. लेन्स कोणती घेऊ?

हसू नकोस. दोन वर्षं तुझ्यासमोर ज्याने हा विषय चघळला, तो तू गेल्यावर दहा महिन्यांनी पुन्हा तेच दळण दळतोय, हे मलाही कळतं.

झालं असं की तुझा कॅमेरा मी कपाटात ठेवला होता, कुलूप लावून. बघवत नव्हता. गेल्या आठवड्यात आईंचा फोन आला. समोरच्या शांताबाईंनी लावून दिला असणार, कारण आधी बराच वेळ दोघींची हुज्जतच ऐकू येत होती. मग आई म्हणाल्या, "जावईबापू, तिच्या क्यामेऱ्यानं माजा येक फोटू काढा. पुरा. चौकटीसकट. आता माजा काय भरवसा हाय?"

'पुरा' हा तर तुझाच शब्द. तुझं रडगाणंच होतं ना ते! आईंना त्या सागवानी चौकटीत उभं करायचं, वर कोरलेला गणपती दिसला पाहिजे आणि खाली उंबराही. पण चौकट सात फुटी आणि समोरची गल्ली जेमतेम दहा फुटांची. तुझ्याकडं उरलेली ती एकच पन्नासची लेन्स. ती ना लांब होते ना जवळ, आपणच मागंपुढं व्हायचं. तू समोरच्या भिंतीला पाठ घासत उभी राहायचीस. गणपती आला की आईंचे पाय जायचे. पाय आले की गणपती.

एकच का उरली, तेही लिहितो. माझा त्यात दोष आहे.

तू शिंगणापूरची लेक. ज्या घराला चौकट आहे पण दार नाही, रात्री कुत्रं आत येऊ नये म्हणून नुसती फळी आडवी लावतात, त्या घरात वाढलेली. वस्तू ठेवली तिथं असते, हे तुझं गणित. आणि मी कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारा, अर्ध्या वाटेवरून परत येऊन तिसऱ्यांदा बघणारा. त्या उन्हाळ्यात वाटेत रसवंतीवर थांबलो. तू बाकड्यावर बॅग ठेवलीस आणि चरकाचे घुंगरू टिपायला गेलीस. मी पैसे द्यायला वळलो. कॅमेरा तुझ्या गळ्यात राहिला, बॅग गेली. कॅमेऱ्याबरोबर आलेली अठरा-पंचावन्नची लेन्स तिच्यातच होती.

मी काय बोललो, आठवतं? "सगळीकडं तुझं शिंगणापूर नसतं, मंदा." रसवंतीवाल्यासमोर बोललो. राहुरी येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. ते वाक्य मी अजून परत घेतलेलं नाही. आज घेतो. बॅगेजवळ मीही होतोच की. पण चूक तुझ्या एकटीच्या पदरात टाकून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "तसलीच साधी आणू या परत." मी म्हणालो, थांब, आता घ्यायची तर विचार करून घेऊ. सगळी कामं करणारी एकच घेऊ. तू म्हणालीस, "व्हय, एकदा लावली की काढायचीच नाही अशी. नवऱ्यासारखी." आणि मी विचार करायला बसलो. तो बसलोच.

खरं सांगू का, मला त्यात मजा यायची. रविवारी सकाळी चहा झाला की मी चष्मा लावून मोबाईल उघडायचा, तू शेंगा सोलत बसायचीस. अठरा-पंचावन्न हलकी, पण लांबचं जवळ आणत नाही. अठरा-दोनशे सगळं आणते, पण जड, आणि एक व्हिडिओवाला म्हणतो कडा मऊ येतात. चोवीस-सत्तर काचेला उत्तम, पण म्हणे आपल्या कॅमेऱ्यावर पुरेशी रुंद पडत नाही. अठरा-एकशे पस्तीस मधली. एक माणूस सांगतो हीच घ्या, दुसरा सांगतो चुकूनही घेऊ नका, आणि दोघांच्याही मागच्या भिंतीवर फोटो सुंदरच. तू नुसतं "हं" म्हणायचीस. त्या "हं"चा अर्थ काय होता? ऐकत होतीस, की कंटाळली होतीस? मला वाटायचं ऐकतेयस. आता काहीच वाटेनासं झालंय.

तर आईंच्या फोननंतर कपाट उघडलं. बॅटरी चार्ज केली, कॅमेरा घेतला आणि नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टरपासून दुकानदारापर्यंत सगळे अजून नगरच म्हणतात. दुकानातला माणूस गोड बोलणारा. त्याने समोर चार लेन्सा मांडल्या आणि विचारलं, "काका, तुम्ही मेनली काय शूट करता?"

मी काय सांगणार? मी काहीच शूट करत नाही, बायको करायची, असं म्हणालो. "मग मॅडम काय करायच्या?" खरंच, तू काय काय टिपायचीस गं? मी बॅग धरून शेजारी उभा असायचो आणि मला ते सांगता येईना. चरकाचे घुंगरू, शाळेतल्या पोरींच्या वेण्या, आईंचे हात. याला किती मिलिमीटर लागतात?

मी त्या दुकानात चार वेळा जाऊन आलो. चौथ्या खेपेला त्याने कंटाळून अठरा-एकशे पस्तीस माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, घरी न्या, दोन दिवस वापरा, मग बोलू." आज सकाळी तीच लावून शिंगणापूरला गेलो. शनिवार टाळला, गर्दी फार असते.

आई तयार होऊन बसल्या होत्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. चौकटीत उभ्या राहिल्या, मी गल्लीत उभा राहिलो, रिंग अठरावर, म्हणजे सगळ्यात रुंद टोकाला, फिरवली आणि सगळं आलं. गणपती, उंबरा, आईंचे पाय, वर पन्हळसुद्धा. इतकं सोपं. दोन वर्षं ज्याच्यासाठी खटपट केली ते एका बोटाच्या हिसक्यात. मला आनंद व्हायला हवा होता. पण पडद्यावर बघितलं तर चौकटीचे उभे खांब मधोमध फुगलेले, पोट सुटल्यासारखे. वर्कशॉपमध्ये असा जॉब मी परत पाठवला असता. म्हटलं, हे चालेल का मंदाला? का मीच पुन्हा खुसपट काढतोय?

आईंना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "बरा हाय. पन तिचा निराळा हुता."

"कोणता तिचा?"

"आवं, संक्रांतीला आल्ता नव्हं का तुमी दोघं? तवा तिनं काढला की पुरा. शांता म्हनली, भिताडाला काय घासतीस, आत ये. मग ती शांताच्या घरात गेली, पार चुलीपातुर मागं सरली, आन् थितनं काढला. मला वाटलं तिच्यासंगट त्यो फोटू बी गेला, म्हनून तुमास्नी सांगितलं."

मी विचारलं, "मी कुठं होतो तेव्हा?"

"हितंच की. माज्या शेजारी. मोबाईलात बगत."

मंदा, मी कॅमेऱ्याचं ते मागचे फोटो बघायचं बटण दहा महिन्यांत एकदाही दाबलं नव्हतं. दुकानातही नाही. आज त्याच उंबऱ्यावर बसून दाबलं. आजचे गेले, दुकानातले गेले, आणि संक्रांत आली.

चौकट पूर्ण. खांब सरळ, ओळंबा लावल्यासारखे. गणपती आहे, उंबरा आहे. डावीकडं शांताबाईंच्या चौकटीची धूसर पट्टी आलीय. त्या घरालाही दार नाही, म्हणून तुला मागं सरायला जागा मिळाली. मधे आई उभ्या आहेत, थेट तुझ्याकडं बघत. आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला तुझी नवी बॅग, मान खाली, नाकाच्या टोकावर चष्मा, मी.

एकच असता तर मी योगायोग समजलो असतो. सात आहेत. सातही सारखे. आई बघतायत, मी मोबाईलमध्ये. वेळ बघितली, कॅमेरा ती लिहून ठेवतो. पहिला अकरा वाजून बारा मिनिटांनी, सातवा अकरा सोळाला. चार मिनिटं तू शांताबाईंच्या चुलीशी उभी राहून मी वर बघायची वाट बघत होतीस?

मग हाक का नाही मारलीस? एरवी तर तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायचीस. एकदा "अहो" म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? आणि घरी आल्यावर, फोटो साधला, आता लेन्स नको, असं का नाही सांगितलंस? त्यानंतरही पुढचे चार रविवार तू शेंगा सोलत माझं अठरा-दोनशे ऐकून घेतलंस. का? मी निदान त्या निमित्ताने तुझ्याजवळ बसत होतो म्हणून? की मला सांगून उपयोग नाही म्हणून? येताना बसमध्ये मी दोन्ही बाजूंनी विचार केला. एकदा हे खरं वाटतं, एकदा ते. मी तेव्हा तुझ्यासाठीच लेन्स बघत होतो, हे तुला ठाऊक होतं का? तुझ्यासाठी लेन्स बघण्यात तुझ्याकडं बघायचं राहिलं, हे मला आज कळलं. मला फार वाईट वाटतंय, मंदा. दुसरा शब्द सापडत नाही.

आईंना म्हणालो, हाच मोठा करून फ्रेम करून आणतो, फक्त मी कडेला आहे तो कापून टाकतो, चौकट नीट दिसेल. आई चिडल्याच. "ऱ्हाऊ द्या. तिला नको असतं तर तिनं तुमाला बाजूला सरा म्हनलं नसतं व्हय? धरलंय तुमाला तिनं त्यात."

मी कॅमेरा बंद करून गळ्यात अडकवला.

तर आता एवढंच ठरलंय. अठरा-एकशे पस्तीस उद्या परत करतो. तो दुकानदार काय म्हणायचं ते म्हणो. लेन्स वाईट नाही, खोटं कशाला बोलू. कदाचित पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्याच्याकडं जाईनही. माझा मला भरवसा नाही. पण तुझ्या कॅमेऱ्यावर मी आत्ताच तुझी पन्नासची परत चढवली आहे. आणि कपाटाला कुलूप लावलेलं नाही. कॅमेरा बाहेर, शेंगांच्या सुपाशेजारी ठेवलाय.

तुझ्या वर्षश्राद्धाच्या आधी मी पुन्हा शिंगणापूरला जाणार आहे. शांताबाईंना बटण दाखवून आलोय. त्या म्हणाल्या, "दाबायचंच हाय नव्हं, दाबते की." त्या त्यांच्या चुलीशी उभ्या राहतील, तू राहिली होतीस तिथं. मी आईंच्या शेजारी उभा राहीन. मोबाईल घरी ठेवून जाईन. शांताबाईंना बटण सापडायला चार मिनिटं लागू देत नाहीतर चाळीस, मी मान खाली घालणार नाही. समोर बघत राहीन.

तुझा,
बॅग धरणारा