डोळे उघड म्हणाल्यावर

गुडघ्यांसाठी मलम मागितलं, तर पोरीने कॅसेटमध्ये स्वतःचा आवाज भरून पाठवला! 'आजी, डोळे मीट, श्वास आत घे, हळूहळू सोड.' जन्मभर मी काय श्वास न घेताच जगले?

असो. भवाने, आशीर्वाद.

तू कॉलेजात मनाचं आणि तब्येतीचं शिकतेस, हा धडा तिथे करून दाखवायचाय म्हणालीस, म्हणून ऐकला. गुडघे तसेच आहेत, पण डुलकी छान लागली. ती मोडली तुझ्या रडण्याने. 'आता डोळे उघड' म्हणालीस आणि आवाज भरणं बंद करायला विसरलीस, गाढवे! 'दुसऱ्यांना शांत करते आणि मलाच झोप नाही. नापास होणार मी, घरी कुठल्या तोंडाने सांगू?' असं मैत्रिणीला म्हणत होतीस.

तुझ्या बापाला मी यातलं काही बोलले नाही. पत्र टाकायला त्याच्याच हाती द्यावं लागेल आणि तो फोडून वाचेल, म्हणून हे माझ्या उशाखालीच राहणार. उद्या शेजारणीकडून फोन लावून घेते. नापास झालीस तर झालीस. या घराचं दार निकाल बघून उघडत नाही.

मागच्या वेळेसारखं मैत्रिणीला 'ती आंघोळीला गेलीय' म्हणायला लावू नकोस. फोन तूच उचलायचा.

तुझी,
जागी झालेली आजी