नवरदेव गेले माळेत

नेरुळ, कोजागिरीनंतरचा रविवार, १९९६

चि. पुतळा हिस काशीताईचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील. माझे जिन्याला घाबरतात, म्हणून तर तळमजला! आशुतोष, सूनबाई मजेत. मजेत नाही ती मी एकटी, आणि त्याला कारण आपल्या आईच्या भोपळ्याचा वेल.

तुझ्याकडचं बी उंदरांनी खाल्लं, उरलं ते माझ्याकडचं. सगळं पेरलं. (शहाणी बाई चार बिया राखते. असो.) वेल खिडकीच्या ग्रिलवरून वरच्या हौसेरावांच्या गॅलरीपर्यंत चढला. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सज्जन इतके की जीव नकोसा व्हावा. नवरात्रात माळेसाठी फुलं मागायला आले. (भोपळ्याचं फूल देवीला चालतं हे कुठल्या पोथीत आहे, त्यांनाच ठाऊक.) मीच म्हटलं, फुलाखाली बारका भोपळा दिसेल त्याला हात लावू नका, बाकीची लांब देठाची खुशाल न्या.

माणूस शब्दाचा पक्का! रोज उजाडायच्या आत लांब देठाची सगळी साफ. आणि राखलेले बारके भोपळे पिवळे पडून टपाटप गळायला लागले. मी मधमाश्यांच्या नावाने बोटं मोडली. मग एकदा चहा घेऊन खिडकीत बसले, तर बिचाऱ्या उजाडताच हजर! फुलात शिरत, नि तशाच कोऱ्या बाहेर येत. अंगावर पिवळी धूळ म्हणून नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, ती धूळ असते लांब देठाच्या फुलांतच! म्हणजे नवऱ्या मुली नटून बसल्या, अंतरपाट धरायला माश्या वेळेवर आल्या, आणि नवरदेव सगळे वरच्या मजल्यावर दोऱ्यात ओवलेले. ऊन चढलं की फूल तोंड मिटतं. मुहूर्त टळला तो टळलाच.

हौसेरावांना सांगितलं, माश्यांचं आटोपू दे, मग न्या. तर म्हणतात, "काशीताई, मग देवीला काय मिटलेली फुलं वाहू? तुमच्या माश्यांनाच जरा लवकर यायला सांगा." सांगते हो! बोर्डावर नोटीसच लावते, सेक्रेटरींच्या सहीने!

शेवटी पहाटे काठी घेऊन वेलाखाली बसले. (भांडण नाही. नुसती काठी.) आणि पुतळे, एक भोपळा धरला गं! नारळाएवढा झालाय.

तुझी काशीताई

ता. क. दिवाळीला येताना जास्वंदीच्या दोन फांद्या आण, हौसेरावांच्या देवीसाठी. माणूस वाईट नाही.

आणखी ता. क. जास्वंद राहिली तरी चालेल, पण तू लगेच नीघ. भोपळा धरलाय तो त्यांच्या गॅलरीत, आणि त्यांच्या सौ.नी घारग्यांसाठी गूळसुद्धा आणलाय. कोवळाच चिरला तर बी पोचट निघेल आणि आईचा भोपळा संपला. मी कुठल्या तोंडाने सांगू? काठी मीच उगारली होती. तू पाहुणी, तुझा शब्द ते मोडणार नाहीत.