माझ्या फोटोखालचा मजकूर

मी, खाली अंगठा उठवणारी, धंदा कागदी पिशव्या चिकटवणे, डोकं ठिकाणावर आणि जीभ त्याहून ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकात, भिडेत किंवा औषधाच्या गुंगीत नसताना, माझ्यामागे काय कोणाला जावं ते सांगून लिहवून घेते. मला अक्षरं येत नाहीत. वकिलांच्या कारकूनबाई लिहितात, प्रत्येक कलम वाचून दाखवतात, मगच पुढे जातात. सुरुवातीला त्यांनी आपल्या मनाने 'जड अंतःकरणाने' असं घातलं होतं, ते मी काढायला लावलं. अंतःकरण जड नाही, गुडघे जड आहेत.

कलम १. राहती खोली आणि मागची पडवी धाकट्या मुलाला. वरच्या तिघी मुली आपापल्या घरी सुखात आहेत. त्यांना माझी भांडी, अंथरुणं आणि स्वभाव. स्वभाव त्यांनी आधीच वाटून घेतला आहे.

कलम २. खळीचं पातेलं, ब्रश, कागद कापायचं पातं आणि लांब टेबल माझ्या हाताखाली शिकलेल्या शेजारणीला. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखालची घडी काढू नये. खळ पातळ केलीस तर स्वप्नात येऊन बोलणी खाशील.

कलम ३. कोपऱ्यावरच्या दुकानदारावर माझा जुना राग आहे, त्याची विल्हेवाट.

धाकटा तेव्हा कडेवरचा होता. चार मुलं झाली होती, पाचवं पोटात होतं, ते मला नको होतं. ठरवलं मी. बायकांच्या दवाखान्यात जाऊन मोकळी होऊन आले. नवरा पोराला घेऊन बाहेर बसला होता. दारात मी पोर घेतलं, तर त्याने झोपेत कोपर उडवलं ते थेट माझ्या नाकावर. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेवढ्यात समोरून कोणी फोटो काढला.

दवाखाना ठेवावा की बंद करावा यावरून दोन पेपरांची जुंपली होती. फोटोवाल्याने एकच फोटो दोघांना विकला. बंद करा म्हणणाऱ्याने खाली छापलं, 'दारातूनच परतली माउली! पोटच्या गोळ्यासाठी आसवं.' चालू ठेवा म्हणणाऱ्याने छापलं, 'गरिबीने पिचलेली अबला : हिला विचारतो कोण?' खरंच, कोणीच विचारलं नाही.

पुढे ते पेपर रद्दीत गेले, रद्दी माझ्याकडे आली, आणि मी माझ्याच तोंडाला खळ फासून पिशव्या केल्या. एक पेपर बाहेरून, दुसरा आतून. वजन दोघांनी सारखंच पेललं. दुकानदाराने दोन्ही मजकूर गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचले आणि विचारलं, "काय हो, मग माउली की अबला?"

"तू आधी साखर नीट तोल," मी म्हटलं.

तो राग आज सोडते. तो साक्षीला आला आहे आणि आल्यापासून खाली मान घालून बसला आहे. बस झालं.

कलम ४. मी गेल्यावर पेपरात 'मायेचा झरा आटला' असं देऊ नये. 'पिशव्या मजबूत करायची' एवढं पुरे.

कलम ५. माझी गोष्ट. हीसुद्धा मालमत्ताच, हे कारकूनबाईंना पटवायला मला एक अख्खा चहा लागला. ती मी धाकट्याच्या मुलीला देते. ती पेपरात लिहिते. दवाखाना बंद करायचं पुन्हा निघालं आहे, पुढच्या महिन्यात ठराव आहे, आणि माउली न् अबला पुन्हा कामाला लागल्या आहेत.

धाकट्याला हे छापून यायला नको आहे. काल जेवता जेवता थांबला. "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालं रे, छापूनही झालं. माझंच राहिलंय."

मग ताटात बघत हळूच म्हणाला, "आणि मी पाचवा असतो तर?"

"तू चौथा होतास. तुझं दूध तुटू नये म्हणून तर गेले. तुम्हा चौघांना पुरेल एवढीच होते मी."

 त्याने ताट स्वच्छ केलं.

आता नातीला अटी. तिने लिहून आणलं होतं, 'त्या रात्री आजीची उशी अश्रूंनी चिंब झाली.'

"कोणाची उशी? मी तर त्या रात्री घोरत होते."

"आजी, वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालावा लागतो गं."

"हात घाल. खिसा कापू नकोस."

तेव्हा उशी कोरडी ठेवावी. 'आई की वैरीण?' असले प्रश्न मथळ्यात विचारून नामानिराळं होऊ नये. पलीकडच्या बाजूच्या, बंद करा म्हणणाऱ्या बायकांना राक्षसिणी म्हणू नये. त्यांतली एक माझ्याकडूनच पिशव्या नेते, बाई लाख चांगली आहे. मी घाबरले होते, हे लिहावं. पस्तावले नाही, हेही लिहावं. खोटं रडू आणून कोणाला आपल्याकडे वळवलंस, तर उद्या दुसरा कोणी त्याहून मोठ्याने रडून त्याला घेऊन जाईल.

हे वाचून दाखवल्यावर कारकूनबाई म्हणाल्या, "आजी, पण मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"म्हणजे ठरावाच्या आत मरायला हवं?"

"अहो, असं काय बोलता!"

"मला तेवढी घाई नाही. आणि ठराव काही माझ्यासाठी थांबणार नाही. खोडा ते कलम. एकच रेघ मारा, वाचता आलं पाहिजे."

सबब कलम ५ खोडलं आहे. त्यातली मालमत्ता मी हयातीतच, आज, माझ्या तोंडाने देते आहे. नात बाहेर बाकावर बसली आहे, तिला आत बोलवावं. धाकटा स्वतः उठून दार उघडायला गेला. मी सांगितलं नव्हतं.

निशाणी डाव्या अंगठ्याची

साक्षीदार :
१. कोपऱ्यावरचा दुकानदार (सही)
२. दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)

लिहिणार : वकिलांच्या कारकूनबाई, सांगितलं तसं आणि तेवढंच
ठिकाण : पिशव्यांच्या टेबलापाशी
दिनांक : शिक्क्यावर आहे तो, वार मंगळवार, दुपार