साडीखालची सात पाकिटं

मेहकर, ता. भालकी

प्रिय अक्का,

नागपंचमीसाठी तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून अफजलपूरला आलो आणि भरलं ताट सोडून एकटाच परतलो. आईनं दारातच विचारलं, "नेत्रावती कुठाय?" दाजींना सुट्टी नाही, असं खोटं सांगितलं.

पेटीतली हिरवी साडी काढ, असं तूच म्हणालीस. साडीखाली माझ्याच अक्षरातली सात पाकिटं निघाली. परतीसाठी मीच तिकीट लावून जोडलेली. आत माझ्या सात कथा, प्रत्येकीला 'साभार परत'ची चिठ्ठी. उभ्यानंच सगळ्या वाचल्या. आणि दोन वर्षं तू फोनवर सांगायचीस, "काई आलं न्हाई रे अजून, वाचायलेत वाटतं."

पण परतीचा पत्ता तुझा घातला कुणी? मीच. आपला पोस्टमन श्रीशैल पारापाशी सायकल लावून नावं मोठ्यानं वाचतो. कथा परत आली की गावभर व्हायचं, "धाव्वी नापास अमरेश लेखक व्हायलाय म्हणं!" त्या हसण्याला भिऊन मी नकार तुझ्या दारात पाठवले. तू ते झाकलेस. माझी नापासाची मार्कशीट पिठाच्या डब्यात लपवली होतीस, तशीच.

गुलबर्ग्यापर्यंत बसमध्ये मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. भालकीच्या गाडीत बसल्यावर एकेक कथा आठवू लागलो. तिसरी वाईटच आहे, अक्का. शेवट ओढूनताणून आणलाय. ती पुन्हा लिहीन. पाचवीवर संपादकांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'पात्रांची भाषा सुधारावी.' त्यातली म्हातारी आपल्या आईसारखी बोलते. तिचा एक शब्दही हलवणार नाही. मग लक्षात आलं, ज्याला मी दोन वर्षं भीत होतो ते सात वेळा होऊन गेलं होतं, आणि मी आपला आठवी कथा लिहीत बसलो होतो. माझं काय बिघडलं?

आठवी काल पोस्टात टाकली. परतीच्या पाकिटावर घातलं: अमरेश ईरण्णा, मेहकर. अक्षर सरळ आलं. येऊ दे परत. श्रीशैलला पारावर ओरडू दे. नववी सुरू केलीय.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पंचमीला अजून नऊ दिवस आहेत. सोमवारी पहिल्या गाडीनं पुन्हा मुराळी येतोय. रागाव, पण तयार राहा. या वेळी ताट चाटून पुसून उठेन. हिरवी साडी नेस. आणि ती सात पाकिटं पिशवीत वर ठेव, कपड्यांखाली नको.

तुझाच, न जेवता उठलेला भाऊ,
अमरेश